वरच्या बंकवरचा खलाशी

पोहता न येता, मासे न खाता आणि समुद्राकडे ढुंकूनही न बघता नौदलात अकरा वर्षं नोकरी केलेला या भूतलावर एकच माणूस होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या डोक्यावर झोपायचा. जहाजात खलाशांचे बंक एकावर एक तीन असतात. सगळ्यात वर तो, मधे मी आणि तळाला आमचा कुक. त्यामुळे तो मला ‘मधल्या’ म्हणायचा, कुकला ‘तळाच्या’ म्हणायचा आणि आम्ही दोघांनी त्याला ‘वरचे साहेब’ म्हणावं अशी त्याची अपेक्षा होती. आम्ही नुसतं ‘वरच्या’ म्हणायचो. आईवडिलांनी ठेवलेली आमची नावं रजेच्या अर्जावर तेवढी उपयोगाला येत.

आज तो असता तर पंचेचाळिशीला टेकला असता, पोट सुटलं असतं, आणि हे वाचून त्याने फोनवर मला अर्धा तास शिव्या दिल्या असत्या. जहाजावर लागलेल्या आगीत तो गेला, त्याला आता तेरा वर्षं झाली. मी नोकरी संपवून चाकणला एका कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये मेंटेनन्स बघतो, कुक आकुर्डीला कॉलेजच्या पोरांची खानावळ चालवतो, आणि चाकणच्या पलीकडे वरच्याच्या गावात दर वर्षी त्याची पुण्यतिथी होते तेव्हा आम्ही दोघं मोटरसायकलवर कंटेनरच्या रांगांमधून वाट काढत तिथे जातो. तिथली भाषणं ऐकून मला दर वेळी वाटतं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या पुण्यतिथीला येऊन बसलो. म्हणून त्याचं खरं वर्णन कुठेतरी व्हायला हवं. शिवाय त्याच्या वडिलांना, आबांना, मला एक गोष्ट सांगायची होती. तो परत खाली का गेला, ही ती गोष्ट. ती तेरा वर्षं माझ्या घशात अडकून होती आणि या वर्षी बाहेर पडली. तिच्याकडे येतोच, पण आधी त्याचे दुर्गुण.

घरची पिढीजात कांद्याची शेती आणि गळ्यात माळ. मासळीचा वास आला की हा नाकाला टॉवेल बांधून मेसमध्ये यायचा आणि शेजारच्याच्या ताटाकडे पाठ करून जेवायचा. जहाजावर मासळी काही फक्त सणासुदीला होत नाही, त्यामुळे त्याचं अर्धं आयुष्य टॉवेलमागे गेलं. मात्र कांदा हातात आला की टॉवेल सुटायचा. तो कांदा फोडायचा, एक पाकळी तोंडात टाकायचा, डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा, “हा आमच्याकडचा नाही. पाणी जास्त आहे. काढायची घाई केलीय.” चारही बाजूंना जमिनीचा ठिपकाही दिसत नसताना हे रोज ऐकायचं म्हणजे कुकच्या सहनशक्तीची परीक्षाच. एकदा कुक चिडून नाकात बोलला, कारण तो कायमच नाकात बोलतो, “मग मार उडी आन् घेऊन ये घरून.” वरच्याने शांतपणे दुसरी पाकळी उचलली. उडी मारणं त्याला शक्यच नव्हतं.

पोहता येत नसलेला माणूस नौदलात कसा, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. आम्हालाही पडायचा. पोहण्याच्या परीक्षेत त्याच्या नावावर त्रिवेंद्रमकडचा एक काळा-सावळा, उंच पोरगा दोनदा पोहून गेला आणि दोन्ही वेळा उत्तम पास झाला. त्या बदल्यात वरच्याने त्या पोराची महिनाभर सकाळची हजेरी लावली. हा त्याचा धंदाच होता म्हणा ना. हजेरी घेणारे आमचे चीफ कागदावरून नजर उचलत नसत, कारण चष्मा काढला की त्यांना नावं दिसायची नाहीत आणि लावला की माणसं धूसर व्हायची. हे वरच्याने पहिल्याच आठवड्यात हेरलं. मग कुणी झोपलेला असो, कुणी दाढी करत असो, कुणी आदल्या दिवशीच्या पार्टीतून अजून सावरायचा असो, नाव पुकारलं की वरच्याच्या तोंडून त्याचा आवाज निघायचा. अकरा माणसांचे आवाज त्याला येत होते. रोहतकवाल्याची गुरकावणी, बंगाल्याचं लांबवलेलं ‘हाजीर’, कुकचं नाकातलं. मला वाटतं, देशाची एकात्मता आमच्या जहाजावर या एका माणसाने सांभाळली होती.

पकडला गेला तो एकदाच, आणि तोही कामाच्या अतिउत्साहात. ओडिशाचा एक खलाशी बदली होऊन दुसऱ्या जहाजावर गेला होता. चीफच्या कागदावर त्याचं नाव चुकून राहिलं. नाव पुकारलं गेलं आणि वरच्याने सवयीने त्याच्या आवाजात “हाजीर साहेब” म्हणून टाकलं. चीफने प्रथमच चष्मा काढला. जो माणूस काल त्यांच्याच सहीने जहाज सोडून गेला, तो हजर कसा? पंधरा दिवस वरच्याला डेक घासावा लागला. आम्ही चिडवलं तर म्हणाला, “त्याच्या गैरहजेरीत त्याचं नाव खराब होऊ नये, एवढंच बघितलं मी.”

मलाही ही विद्या द्यायचा त्याने फार प्रयत्न केला. माझ्याकडून काही ती होईना. “मधल्या, गळ्यातून आवाज काढू नको,” तो बंकवरून खाली वाकून सांगायचा, “तो माणूस कसा कंटाळलेला असतो ते मनात आण. प्रत्येकाचा कंटाळा वेगळा असतो.” मी कंटाळा मनात आणायचो आणि आवाज माझाच निघायचा. शेवटी त्याने जाहीर केलं, की मी दिलेली हजेरी कुठल्याही आंधळ्या-बहिऱ्यालासुद्धा फसवू शकणार नाही.

आणि कंजूष! त्याच्या पत्र्याच्या पेटीला दोन कुलुपं होती. आत घरून आलेली शेंगदाण्याची चटणी. रोज जेवताना तो पेटी उघडायचा, पाठ करून चटणी वाढून घ्यायचा आणि आम्हा दोघांच्या ताटात चिमूटभर टाकायचा, तीही अशा चेहऱ्याने की जणू रक्तदान करतो आहे. कुकने एकदा आणखी मागितली तर म्हणाला, “आधी कांदा चांगला आण.” त्या पेटीवरून आम्ही त्याची इतकी टिंगल केली की ती गोष्ट रजेच्या वाटेने त्याच्या गावापर्यंत पोचली. ती पुढे आपल्यालाच महागात पडेल हे तेव्हा कुणाला माहीत?

गावात मात्र त्याचा थाट निराळा. जहाजावर तो इंजिनरूममध्ये, म्हणजे पार तळात, जिथे समुद्र आहे हे फक्त हेलकाव्यांवरून कळतं. पण रजेवर गेला की पारावर बसून सांगायचा, “जहाज मीच चालवतो.” एकदा जहाज बघायला लोकांना सोडायचा दिवस होता, तेव्हा गावाने ट्रॅव्हल्सची बस केली आणि पन्नास माणसं थेट मुंबईच्या धक्क्यावर उतरली. पुढे आबा, डोक्याला फेटा. वरच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आबांनी समोरून येणाऱ्या गोऱ्यागोमट्या साहेबांना थांबवलं. ते आमचे कॅप्टन. आबांनी हात जोडून विचारलं, “साहेब, आमचा पोरगा गाडी नीट चालवतोय न्हवं? कुठं घासत न्हाई ना?” कॅप्टनने वरच्याकडे पाहिलं, वरच्याने जमिनीकडे. कॅप्टन मराठी होते. म्हणाले, “आबा, तो खाली नसेल तर हे जहाज जागचं हलत नाही.” इंजिनरूमच्या माणसाबद्दल हे शब्दशः खरंच होतं. आबा परतताना बसमध्ये सगळ्यांना केळी वाटत गेले म्हणे.

आता पुण्यतिथीचं सांगतो. गावच्या वेशीवर त्याच्या नावाची कमान आहे. निम्म्या शेतांवर आता शेड उभ्या राहिल्यात, त्यामुळे कमानीतून कांद्याच्या गाड्यांपेक्षा कंपनीच्या बस जास्त जातात. कार्यक्रमाच्या दिवशी तिथे मोठा फ्लेक्स लागतो. फ्लेक्सवर वरच्याचं डोकं आणि खाली हिरव्या गणवेशातलं दुसऱ्याच कुणाचं तरी धड, हातात बंदूक, मागे रणगाडा. समुद्राचा पत्ता नाही. कडेला पुढाऱ्यांचे फोटो, जे त्याच्यापेक्षा मोठे. आम्ही पहिल्या वर्षी सांगून पाहिलं, की भाऊ, तो नौदलात होता. फ्लेक्सवाला म्हणाला, “राव, रणगाडा काढला तर शहीद वाटत न्हाई.” भाषणांत तर त्याने शत्रूच्या बोटी बुडवलेल्या असतात, दर वर्षी एकेक वाढते. तो लहानपणापासून निर्भीड होता, सत्यवचनी होता, हेही असतं. सत्यवचनी हा शब्द आला की कुक माझ्या पायावर पाय देतो.

आणि मांडवाच्या मागे, जेवणाच्या पंगतीत, दुसरीच गोष्ट चालते. या वर्षी ती मी माझ्या कानांनी ऐकली. वाढप्याशी बोलताना एक जण म्हणाला, “कसला शहीद अन् काय. समदी माणसं वर आल्यावर ह्यो पेटी आणाया परत खाली गेला. वाटंत त्यो कुक सापडला, म्हणून नाव झालं.” बोलणारा वाईट नव्हता, नुसता जेवत होता. पण त्याच्या मागे आबा उभे होते. आबांनी हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि मांडवाकडे न जाता शेताच्या वाटेने निघाले. मी आणि कुक त्यांच्या मागे.

आबा कांदाचाळीत जाऊन बसले होते, कांदे निवडत. सडका एकीकडे, चांगला एकीकडे. आम्ही समोर बसलो. निवडता निवडता त्यांनी विचारलं, “घरी साहेब आले व्हते तवा म्हनले, वर समद्यांची गनती पुरी झाली व्हती. कागदावर खूण हाय म्हनले. समदी वर व्हती, तर माझ्या पोराला कसं ठावं, खाली मानूस हाय म्हून? तेरा वर्सं इचार करतुय. पेटीबिगर दुसरं काय सुचत न्हाई मला. तुमी व्हता तिथं. खरं सांगा.”

खरं असं होतं. दुपारचं जेवण झालं होतं. घंटा झाली. त्या आठवड्यात आगीची कवायत होणार हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सगळे जांभया देत वर डेकवर आले. कुक आला नव्हता. तो खाली शिध्याच्या कोठीत पोत्यांवर झोपलेला असणार हे मला माहीत होतं, कारण तो दुपारी तिथेच झोपायचा. आदल्या महिन्यात तो एकदा सापडला होता. आता पुन्हा सापडला तर रजा जाणार, आणि त्याच्या बहिणीचं लग्न पुढच्या आठवड्यात. चीफने त्याचं नाव पुकारलं. वरचा माझ्यापासून दोन माणसं पलीकडे होता, त्याने तोंड उघडायच्या आत मीच नाकातून “हाजीर” म्हटलं. चीफने खूण केली. वरच्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला हसू आलं. आणि तेवढ्यात मागच्या झरोक्यातून काळा धूर आला. ती कवायत नव्हती.

वरच्याने एवढंच विचारलं, “तळाचा खाली आहे?” मी मान हलवली. तो पळाला. मी तिथेच ओरडायला हवं होतं, की चीफ, एक माणूस खाली आहे. मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर मघाचा आवाज माझा होता हे सांगावं लागलं असतं. हा विचार मी किती वेळ केला ते मला माहीत नाही, पण केला. काही मिनिटांनी कुक शिडीच्या तोंडातून खोकत बाहेर पडला, कुणीतरी खालून ढकलल्यासारखा. ढकलणारा वर आला नाही. धुरात शिरायचे मास्क लावलेल्या, आग विझवणाऱ्या माणसांनी त्याला नंतर आणलं. चौकशीत विचारलं गेलं, की कुकच्या नावापुढे खूण कशी. गडबडीत पडली असेल असं ठरलं. मलाही विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही.

हे सगळं मी आबांना सांगितलं. चाळीच्या जाळीतून ऊन येत होतं आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मी म्हणालो, “आबा, गणती खोटी होती. ती मी केली. खाली माणूस आहे हे जहाजावर फक्त मला माहीत होतं, आणि माझ्यामुळे त्याला. तो पेटीसाठी गेला नाही.” मग मी कुककडे वळलो. त्याच्या घरी मी दर रविवारी जेवतो. त्यालाही हे पहिल्यांदाच कळत होतं असं मी समजत होतो.

कुक म्हणाला, “मला माहितंय की.”

“कधीपासून?”

“त्याच दिवसापासून. शिडीवर मला खालून ढकलत व्हता आन् तोंड चालूच. म्हणला, तुझी हजेरी मधल्यानं दिली. चार वर्षं शिकवलं त्या गाढवाला, तरी असला भिकार आवाज काढला. चीफ फसला, पण मला लाज वाटली, म्हणला.”

मी हसलो. मला ते आवरता आलं नाही, आणि हसता हसताच रडू आलं. जाताना सुद्धा तो मला नापास करून गेला होता. मी कुकला विचारलं, इतकी वर्षं तू गप्प का राहिलास. तो हातातल्या कांद्याचं साल काढत म्हणाला, “तू बोलशील म्हणून वाट बघितली. न्हाई बोललास. मग म्हटलं, जेवायला येतोय ना, येऊ दे. पण आबा, तुम्ही पेटीचा इचार करता हे मला ठाऊक नव्हतं. ते ठाऊक असतं तर मी पहिल्याच वर्षी बोललो असतो.”

आबांनी एक सडका कांदा बाजूला टाकला. मग मला विचारलं, “तू तवा वरडला असतास तर?”

“मास्क लावलेली माणसं आधी गेली असती, आबा. त्याला जावं लागलं नसतं.”

“व्हय,” आबा म्हणाले. “ते म्या इसरनार न्हाई. तूबी इसरू नगंस.” मी मान हलवली. माफी मागायची म्हणून किती वाक्यं मी तेरा वर्षं घोकली होती, त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही, आणि निघालं असतं तर त्यांना ते नकोच होतं. त्यांनी फेट्याच्या शेवाने तोंड पुसलं. खांदे जरा सैल झाले. स्वतःशीच म्हणाले, “पेटी न्हवती. मानूसच व्हता.”

तिकडे मांडवात भाषणं सुरू झाली होती. कुणीतरी सातव्या बोटीपर्यंत पोचलं होतं. आबा ऐकत राहिले. म्हणाले, “ह्यास्नी त्यो कोन व्हता ते ठावंच न्हाई. लई लबाड व्हता माझा पोरगा. साळंत दांड्या मारायचा आन् घरी येऊन धडा म्हणून दावायचा. आई फसायची. तेरा वर्सं झाली, त्याला नावं ठिवनारं एक मानूस गावलं न्हाई. जो तो हात जोडतो.” त्यांनी एक रिकामं पोतं ओढून माझ्यासमोर अंथरलं. “नीट बस हितं. तुमी दोघं चार वर्सं त्याच्यासंगं झोपलाय. त्यानं काय काय लबाड्या केल्या, समद्या सांग. एकबी गाळू नगंस.”

मी सुरुवात केली. सांगता सांगता विसरलेलं काय काय आठवत गेलं, आणि जिथे मी चुकलो तिथे कुक नाकातून दुरुस्ती करत गेला. आबा खाली मान घालून ऐकत होते, मधेच त्यांचे खांदे हलत होते, ते हसत होते की काय ते मी बघितलं नाही. लाउडस्पीकरवरून पुकारा झाला, वीरपित्याने मंचावर यावं, सत्कार स्वीकारावा. पुन्हा झाला. तिसऱ्यांदा नाव घेऊन झाला. कुणीतरी पळत चाळीच्या दारापर्यंत आलं, तर आबांनी हातानेच त्याला परत पाठवलं.

“म्हातारा न्हाई म्हून सांग त्यास्नी,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, “हां. फुडं?”